पॉवर कॉर्ड बदलल्याने आवाज खरंच सुधारतो का, की माझेच कान वाजतायत?

तारसप्तक | शुक्रवार, रात्री ११:०५

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

सेटअप साधाच आहे. कॉम्प्युटर, त्याला यूएसबीवर डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा), डॅकमधून आरसीए केबलने इंटिग्रेटेड अँप आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. एका मित्राने त्याची 'अपग्रेड' पॉवर कॉर्ड आठवडाभर वापरायला दिली, मनगटाएवढी जाड, वरून विणलेलं काळं जाळीचं आवरण, प्लग हातात घेतला तर वजनदार. मी मनातल्या मनात हसतच अँपला लावली कारण वायर म्हणजे वायर, तिच्यात काय एवढं. पण लावल्यावर राव, खरंच फरक पडला! तानपुरा सुरू होतो ना, त्याच्या आधीची शांतता जास्त गडद वाटली, बायाँचा घुमारा नीट संपतोय असं वाटलं, पूर्वी तो कशात तरी मिसळून जायचा. तीन रात्री ऐकतोय आणि तीनही रात्री तेच.

आता प्रश्न असा की भिंतीतून येणारी वीज ती तीच, मधली दोन मीटर वायर बदलून गाणं कसं काय बदलेल? जाणकारांनी प्रकाश टाकावा. मित्राला पुढच्या आठवड्यात कॉर्ड परत द्यायची आहे आणि तशीच एक घ्यायचा मोह होतोय.

फुकटचा_सल्लागार | शुक्रवार, रात्री ११:१९

झालं, निघाला धागा. पहिल्या रांगेत सतरंजी टाकून बसलोय. दुसऱ्या खोलीतून घरच्यांनी "आज काय बदललंस, छान वाजतंय" असं विचारलं की नाही अजून? त्याशिवाय कॉर्ड सिद्ध होत नाही म्हणतात.

(हलकं घ्या.)

ओहम_शांती | शनिवार, सकाळी ७:४०

आधी आकडे मांडतो, मग भांडू.

साधी कॉर्ड ०.७५ चौरस मिमीची धरा, तांब्याच्या लवचिक वायरला मीटरमागे साधारण २६ मिलिओहम. दोन मीटरची कॉर्ड म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर, ०.१ ओहमच्या आसपास. तुमची अजगरछाप कॉर्ड २.५ चौरस मिमीची असली तर तेच ०.०३ ओहम. फरक झाला ०.०७ ओहम. अँप सरासरी १०० वॉट ओढत असेल तर २३० व्होल्टला अर्धा अँपिअरसुद्धा नाही, पण रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) सायनवेव्हच्या शेंड्यापाशीच करंट ओढतो, ठोके मारल्यासारखा, म्हणून शेंड्याला ५ अँपिअर धरू. ५ गुणिले ०.०७, म्हणजे ०.३५ व्होल्ट. २३० मधले ०.३५! शेजारी कुणी गीझर लावला की याच्या दसपट हलतो तुमच्या घरातला व्होल्टेज, आणि तेव्हा गाणं बंद पडल्याचं मी तरी ऐकलं नाही. डेसिबलमध्ये काढलं तर एका डीबीच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतं आणि तेही फक्त अँप पूर्ण ताकदीने वाजवताना, कमाल पॉवरमध्ये. एरवी तेवढंसुद्धा नाही.

आणि मुख्य मुद्दा, मेनची म्हणजे भिंतीतून येणारी वीज गाणं नसते. ती ट्रान्सफॉर्मरमधून जाते, डीसी होते, हजारो मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये साठते आणि तिथून स्पीकरला जाते. गच्चीवरची टाकी भरली की तुमच्या शॉवरला फरक नाही पडत पाणी कुठल्या पाइपने चढलं याचा. शिवाय अँपच्या आतलं सर्किट सप्लायवरची घाण दाबतं, एनई५५३२ सारख्या जुन्यापान्या ऑपअँपलाही (सिग्नल वाढवणारी चिप) हे प्रमाण साधारण १०० डीबी आहे (वरच्या फ्रिक्वेन्सीला कमी होत जातं, ते मान्य).

खर्जातला_षड्ज | शनिवार, सकाळी ९:१२

ओहमराव, तुमचं गणित बरोबर असेलही पण गणित ऐकायला येत नाही, गाणं येतं. मी वीस वर्षं ऐकतोय. कॉर्डने फरक पडतो, आणि तो रेझिस्टन्सने नाही पडत, नॉइजने पडतो. घरात किती स्विचिंग सप्लाय आहेत मोजा, मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, राउटर, डिमर. सगळे मेनवर कचरा टाकतात. शील्ड म्हणजे धातूचं आवरण असलेली चांगली कॉर्ड तो अडवते. आणि चांदीचा मुलामा असलेल्या तांब्यात स्किन इफेक्टमुळे करंट बाहेरून, चांदीतून वाहतो, म्हणून वरचे स्वर मोकळे होतात.

धागाकर्त्याने ऐकलंय ते त्याने ऐकलंय. ज्याने ऐकलं नाही त्याने त्याला खोटं का पाडावं?

ओहम_शांती | शनिवार, सकाळी ९:५०

खर्जराव, कुणी खोटं पाडत नाहीये. पण स्किन इफेक्टचं एवढं राहू द्या हो. ५० हर्ट्झला तांब्यातली स्किन डेप्थ, म्हणजे करंट पृष्ठभागापासून जेवढा आत शिरतो ती खोली, सव्वानऊ मिमीच्या घरात आहे. तुमच्या वायरचा कण्डक्टर पूर्ण जाडीनेच दोन मिमीचा नाही, म्हणजे करंट आतून-बाहेरून सगळीकडून वाहतो. २० किलोहर्ट्झला ती अर्ध्या मिमीच्या आसपास येते, पण पॉवर कॉर्डमधून २० किलोहर्ट्झचं गाणं जातच नाही. चांदी दिसायला छान.

नॉइजचा मुद्दा मात्र अर्धा मान्य. मेगाहर्ट्झमधला कचरा वायरवरून चढतो आणि काही अँप तो पकडतात, कधी कधी चक्क रेडिओ ऐकू येतो. पण त्याचं खरं कारण बहुतेक वेळा अँपच्या आत असतं, सिग्नल केबलच्या सॉकेटची शील्ड डब्याच्या पत्र्याला न जोडता सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली असते. ऑडिओ इंजिनिअर नील मन्सी यांनी १९९५ मध्ये यावर लिहिलं, तेव्हापासून त्याला 'पिन वन प्रॉब्लेम' म्हणतात, आणि २००५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीचं एईएस४८ नावाचं मानकच निघालं. कॉर्डवर बसवायचा फेराइटचा क्लिप यात काही प्रमाणात मदत करतो, पण तो कुठल्याही कॉर्डवर बसतो, अगदी टीव्हीबरोबर आलेल्याही.

नवखी_श्रोती | शनिवार, दुपारी २:३०

मध्येच एक भाबडा प्रश्न. माझा अँप स्पीकर काढून ठेवले तरी गुणगुणतो. म्हणजे डबाच गुणगुणतो, हात ठेवला की कळतं. कधी असतं कधी नसतं. चांगली कॉर्ड लावून जाईल का?

पाना_पक्कड | शनिवार, दुपारी ४:०५

ताई, नाही जाणार. आत गोल ट्रान्सफॉर्मर असेल, टोरॉइडल. मेनच्या एसीवर थोडा डीसी चढला की त्याचा कोअर सॅच्युरेट होतो आणि तो घुं घुं करतो, याचा आवाजाच्या क्वालिटीशी संबंध नाही. डीसी कशाने चढतो, तर घरात कुणी हेअर ड्रायर कमी स्पीडला लावला की बऱ्याच ड्रायरमध्ये तिथे नुसता एक डायोड असतो, अर्धीच वेव्ह वापरतो. बघा जरा कधी गुणगुणतो ते. डीसी ब्लॉकर म्हणून एक छोटं सर्किट येतं ते लावावं लागतं, पण ते कुणा माहीतगाराकडूनच करून घ्या, मेनचं काम आहे.

आता तारसप्तक भाऊंना माझा एक प्रश्न. मी वायरमन माणूस, गाण्यातलं मला कळत नाही. पण तक्रार ऐकायला गेलो की पहिला प्रश्न हाच विचारतो: नवीन कॉर्ड लावताना आणखी काय काय हललं? कुठल्या सॉकेटमधून काढली, कुठल्या सॉकेटमध्ये लावली, कुठल्या वायरी इकडच्या तिकडे झाल्या? बारीकसारीक सगळं सांगा.

नवखी_श्रोती | शनिवार, संध्याकाळी ६:४८

पानापक्कड काका, धाकटी बहीण केस वाळवत होती तेव्हा जाऊन हात ठेवला. डबा गात होता. ड्रायर बंद, डबा बंद. मी अक्षरशः ओरडले.

सर्किटराव | शनिवार, रात्री ८:२०

हमचा (स्पीकरमधून सतत येणाऱ्या घुमघुमीचा) प्रॉब्लेम असेल तर सोपा उपाय आहे, अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, लगेच शांत. मी कित्येक वर्षं तसंच चालवतोय.

पाना_पक्कड | शनिवार, रात्री ८:३१

हे असलं कृपा करून लिहू नका. कुणीतरी वाचेल आणि करेल. अँपच्या आत फेज सुटून पत्र्याला लागली तर अर्थिंग असल्यामुळे फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. पिन काढली की पत्राच २३० व्होल्टवर येऊ शकतो, आणि आरसीए केबलमधून जोडलेल्या यंत्रापर्यंतही धोका पोचू शकतो. तुम्ही कित्येक वर्षं चालवताय कारण कित्येक वर्षं फेज सुटली नाही, एवढंच. एकदाच सुटायला लागते. आज रात्रीच पिनवाला प्लग लावा, मग उद्या माझ्याशी भांडा.

सर्किटराव | शनिवार, रात्री ९:०२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

(प्लग बदलला. हम परत आलाय. आता सांगा काय करू.)

तारसप्तक | रविवार, सकाळी १०:१५

पाना_पक्कड, तुमचा प्रश्न वाचून टेबलाखाली टॉर्च घेऊन शिरलो आणि आता जे सांगतोय ते सांगताना जरा ओशाळल्यासारखं होतंय.

जुनी कॉर्ड अँपमागच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये होती. नवी कॉर्ड एवढी ताठ की तिथे वळतच नव्हती, शेल्फ पुढे ओढावं लागलं असतं. म्हणून मी ती समोरच्या टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डात लावली. त्याच बोर्डात कॉम्प्युटर आहे. म्हणजे नुसती कॉर्ड नाही बदलली, जागापण बदलली. याचा काही संबंध असेल का?

पाना_पक्कड | रविवार, सकाळी १०:४०

असेल का काय, तोच आहे बहुतेक!

दोन वेगळ्या सॉकेटांची अर्थिंग एकाच ठिकाणी भेटते खरी पण भिंतीतून लांब फिरून. त्या वायरीत थोडा लीकेज करंट सतत असतो आणि शेजारून जाणाऱ्या फेज-न्यूट्रलमुळे इंड्यूस झालेला व्होल्टेजही असतो, त्यामुळे दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक सहज मिळतो. तुमचा कॉम्प्युटर एका अर्थला, अँप दुसऱ्या अर्थला, आणि मध्ये यूएसबी आणि आरसीएची शील्ड, म्हणजे गोल पूर्ण झाला. ग्राउंड लूप. तो फरकाचा करंट आरसीएच्या शील्डमधून वाहतो आणि अँपला तो सिग्नलच वाटतो. दोन्ही प्लग एकाच बोर्डात आले की तो लूप इतकासा उरतो.

करून बघा: जुनी कॉर्ड नव्या जागी, नवी कॉर्ड जुन्या जागी. व्हॉल्यूम नेहमीच्याच जागी, गाणं बंद, कान वूफरला लावून.

सर्किटराव, तुम्हीपण हेच करा. नाही गेलं तर मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा किंवा दोन्ही बाजूंना सोय असेल तर बॅलन्स्ड केबल. अर्थला हात नाही लावायचा.

ओहम_शांती | रविवार, सकाळी ११:२२

पानापक्कड यांना कडक सलाम. मी गणित करत बसलो आणि साधा प्रश्न विचारलाच नाही.

एक भर घालतो. अशा लूपमध्ये जाड अर्थवाली कॉर्ड लावली तर लूपचा रेझिस्टन्स कमी होऊन करंट उलट वाढूही शकतो. सुधारायचंच असेल तर आरसीए केबलची शील्ड दणकट असू द्या, कारण हम तयार होतो तो शील्डच्या रेझिस्टन्सवर. म्हणजे पॉवर कॉर्डवर घालणार ते त्या बिचाऱ्या आरसीएवर घाला आणि ती शक्य तेवढी आखूड ठेवा.

तारसप्तक | रविवार, रात्री १०:५०

केलं. मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप टाकलं आणि वूफरसमोर धरलं, शिवाय कान होताच.

जुनी कॉर्ड, जुनी जागा: हम आहे, ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर सुळके दिसतात. नवी कॉर्ड, नवी जागा: सुळके जवळजवळ नाहीत. जुनी कॉर्ड, नवी जागा: नाहीत! मग शेल्फ ओढून, घाम गाळून, नवी कॉर्ड जुन्या जागी कोंबली: सुळके हजर.

म्हणजे ती 'गडद शांतता' खरी होती. मला वेड नव्हतं लागलं. फक्त तिचं श्रेय चुकीच्या वस्तूला देत होतो. बायाँचा घुमारा ज्यात मिसळून जायचा ते काय होतं तेही कळलं, खालचा तो मंद हम.

खर्जातला_षड्ज | रविवार, रात्री ११:३०

हमचं मान्य, पण तुम्ही हम मोजलात, गाणं नाही. आता दोन्ही कॉर्ड एकाच चांगल्या जागी लावून ऐका. मोकळेपणा, वाद्यांमधली हवा, हे अ‍ॅपमध्ये दिसत नाही.

श्रुतिभ्रम | सोमवार, दुपारी १:१०

खर्जराव, हे एकदम रास्त बोललात, आणि याची रीतसर पद्धत आहे. एबीएक्स, म्हणजे ए आणि बी आधी ऐकायचे, मग लपवलेला एक्स त्यातला कुठला ते ओळखायचं. बेल लॅब्जमधल्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्येच अशी चाचणी मांडली होती, ऑडिओवाल्यांत ती रुजली १९८२ च्या डेव्हिड क्लार्क यांच्या पेपरनंतर. सार एवढंच की कुठली कॉर्ड लागली आहे हे ऐकणाऱ्यालाही माहीत नको आणि समोर दिसणाऱ्या माणसालाही नको, कारण चेहऱ्यावरून कळतं.

आवाजाची पातळी ०.१ डीबीच्या आत सारखी हवी. कॉर्ड बदलल्यावर अँपच्या व्हॉल्यूमला हात लावू नका म्हणजे झालं. डोकं एकाच जागी ठेवा, १० किलोहर्ट्झची तरंगलांबी साडेतीन सेंटीमीटर असते, खुर्चीत सरकून बसलात तरी वरचे स्वर बदलतात, आणि माझा असा संशय आहे की निम्म्या 'अपग्रेड' या उठून वायर बदलून परत बसण्यातच होतात. १६ वेळा करा. १६ पैकी १२ बरोबर आले तर नुसत्या नशिबाने तसं व्हायची शक्यता ४ टक्क्यांच्या आत असते, तेव्हा मी पहिला उभा राहून टाळ्या वाजवीन.

अमेरिकेत २००४ मध्ये बे एरियातल्या ऑडिओप्रेमींच्या मंडळाने नेमकं पॉवर कॉर्डवरच हे केलं होतं, सगळे कान तयार असलेले लोक. एकूण १४९ उत्तरांपैकी ७३ बरोबर.

फुकटचा_सल्लागार | सोमवार, दुपारी १:१६

म्हणजे नाणं उडवलं असतं तर दीड मार्क जास्त पडला असता.

खर्जातला_षड्ज | सोमवार, दुपारी ३:४४

अशा परीक्षेत माणूस गाणं ऐकत नाही, परीक्षा देतो. कॉर्ड बदलायला अँप बंद करावा लागतो, तो परत तापायला वेळ लागतो, तोवर आधीचा आवाज कानातून गेलेला असतो. मला आठवडा द्या, घरच्या खुर्चीत, मग सांगतो.

श्रुतिभ्रम | सोमवार, दुपारी ४:२०

आठवडा घ्या की! कॉर्ड लपवून घेतलेली चाचणी म्हणजे घाईची चाचणी असं कुठे आहे. घरातल्या कुणाला सांगा, दर रविवारी नाणं उडवून कॉर्ड लावायची आणि वर कापड टाकायचं. सोळा आठवडे लागतील, लागू द्या.

तारसप्तक | गुरुवार, रात्री ९:३५

उशीर झाला पण करून आलोय. दोन्ही कॉर्ड टेबलाखालच्या बोर्डात. माझी ताई नाणं उडवून कॉर्ड लावायची आणि बाहेर जायची, मग मी आत येऊन ऐकायचो, अँप चालू करून दोन मिनिटं थांबायचो. आधी दोन्ही उघडपणे ऐकून घेतल्या होत्या आणि उघडपणे ऐकताना मी शपथेवर सांगितलं असतं की जाड कॉर्ड जास्त मोकळी वाजते. मग १६ फेऱ्या, दोन संध्याकाळी मिळून, एकच तीन मिनिटांचा तुकडा. ताईने शेवटी शेवटी "आता तोच आलाप पुन्हा लावलास तर मी हे घर सोडून जाईन" असं सांगितलं.

१६ पैकी ९.

श्रुतिभ्रम | गुरुवार, रात्री ९:५२

नुसत्या नशिबाने ९ किंवा जास्त यायची शक्यता ४० टक्के. म्हणजे या चाचणीत तरी फरक सापडला नाही. ताईंना माझ्याकडून साष्टांग नमस्कार.

सर्किटराव | गुरुवार, रात्री १०:१०

दोन्ही प्लग एका बोर्डात आणले. हम गेला, पिन लावून. पानापक्कड, चुकलो होतो.

खर्जातला_षड्ज | गुरुवार, रात्री १०:४८

१६ पैकी ९, हे तुमच्या सिस्टीमवर, तुमच्या त्या दोन संध्याकाळी. माझं मत बदललं नाही. पण नाणं आणि कापडाची आयडिया आवडली, मुलाला कामाला लावतो. निकाल काय येईल तो येईल, इथेच टाकेन, वाईट आला तरी.

तारसप्तक | शुक्रवार, सकाळी ८:२०

खर्जराव, वाट बघतोय.

एक गंमत सांगू का, निकाल माहीत असूनही काल रात्री जाड कॉर्ड लावून, दिवा चालू ठेवून ऐकलं, ती दिसत होती शेल्फच्या बाजूने, आणि मला परत ती जास्त चांगली वाटली. माहीत असून! थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

नवी काही घेत नाहीये. स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढले, त्याने खालचे स्वर केवढे बदलले, तो फरक मात्र ताईनेसुद्धा डोळे मिटून ओळखला. मित्र उद्या कॉर्ड न्यायला येतोय. त्याला हे सगळं सांगावं की नुसतं "मस्त होती रे" म्हणावं?

फुकटचा_सल्लागार | शुक्रवार, सकाळी ८:३३

आधी विचारा की त्याने लावताना सॉकेट बदललं होतं का.

ओहम_शांती | शुक्रवार, सकाळी ९:०५

अवांतर: धागा इथवर आलाच आहे तर कबूल करून टाकतो. माझ्या स्वतःच्या अँपला मी हाताने बनवलेली २.५ चौरस मिमीची कॉर्ड आहे. निळं विणलेलं स्लीव्ह, धातूचा प्लग, दोन्ही टोकांना हीटश्रिंक. ०.०७ ओहमसाठी अख्खा रविवार घातला होता. काहीही फरक पडत नाही हे मीच मोजलंय, आणि काढणारही नाहीये.

नवखी_श्रोती | शुक्रवार, सकाळी ९:११

फोटो टाका ना ओहम काका.